नवशीच्या नावाचं फूल

सात खड्डे होते. चुरी सरांनी ते दोनदा मोजले आणि तिथेच कातळावर बसकण मारली.

"डुकरं," मनिष म्हणाला. "दुसरं कोण?"

"डुकराला एवढी शिस्त नसते." सरांनी खड्ड्यात बोट घालून पाहिलं. माती अजून ओली होती, कडा सरळ. बोरीच्या वाळक्या काट्या एका बाजूला सारून ठेवलेल्या. "पहारीनं उकरलंय, कंदासकट. हे माणसाचं काम. आजचंच."

मनिषनं टेकडीच्या पलीकडच्या अंगाला पाहिलं. तिकडची निम्मी टेकडी दगडखाणीनं केव्हाच गिळली होती. उरलेल्या निम्मीच्या परवानगीसाठी सोमवारी साहेब लोक पाहणीला येणार होते. ती मिळाली की खाली पाड्यावर मनिषच्या घरापर्यंत सुरुंगाची धूळ येणार, हे सांगायला कुणी जोशी नको होता. जगात दुसरीकडे कुठे न सापडलेलं फूल इथं फुललेलं दाखवता आलं, तरच काम अडणार होतं. तसा अर्ज सरांनी दिला होता. अर्जात नकाशा काढून जागाही दाखवली होती. हुशारी बघा.

"खाणवाल्यांनी डाव साधला," सर म्हणाले. "आणि पत्ता मीच दिला."

एकतीस वर्षांपूर्वी हेच सर, डोक्यावर दाट केस असलेले, कॉलेजातले नवे मास्तर, झोळी लावून या टेकडीवर भटकत होते. मनिषची आई नवशी तेव्हा नुकती लग्न होऊन पाड्यावर आली होती. तिनंच त्यांना या दोन दगडांमधल्या वीतभर मातीतला वेल दाखवला. कंदिलासारखं उभं फूल, गळ्याशी जांभळे ठिपके. खरपुडी या रानवेलीच्याच घराण्यातलं, पण कुठल्या ग्रंथात नसलेलं. नव्या फुलाची नोंद करायची तर रोप मुळासकट वाळवून ठेवावं लागतं. सरांनी तीन रोपं कंदासकट काढली, ओढ्यात धुतली, वर्तमानपत्रात गुंडाळून तान्ह्या पोरासारखी झोळीत निजवली.

"तीन पुरतील?" नवशीनं विचारलं होतं.

"पुरतील. बाकीची जपून ठेव. मी परत येईन."

मग नाव ठेवायची वेळ आली. आपल्या रानातल्या फुलांना कुठल्या कुठल्या गोऱ्या साहेबांची, नाहीतर त्यांच्या मडमांची नावं. विभागप्रमुखांना वाटत होतं, आता आपला नंबर. सरांनी लॅटिन शेपूट जोडून नवशीचं नाव दिलं आणि त्यापायी स्वतःची बढती चार वर्षं लांबवून घेतली. ही गोष्ट त्यांनी दरसालच्या वर्गाला रंगवून सांगितली, टाळ्याही घेतल्या. सांगितली नाही ती फक्त नवशीला. डहाणूहून तलासरी असं कितीसं लांब? पण आज परीक्षा, उद्या लेकीचं लग्न, परवा गुडघे. राहिलं ते राहूनच गेलं. याची त्यांना मनापासून लाज वाटत होती.

खाणीची बातमी वाचली तेव्हा कुठे ते हलले. अर्ज दिला, मनिषचा नंबर मिळवला, काल फोन केला. "आईला सांग, चुरी सर येतायत." एवढंच. बाकीचं समोरासमोर सांगू, तिचा चेहरा बघू, असा बेत होता. मनिषनं निरोप दिला, रात्रपाळीला गेला आणि सकाळी कंपनीतून परस्पर स्टेशनवर सरांना घ्यायला आला. घरी न जाता दोघं आधी टेकडीवर चढले होते.

आता ते उतरले. अंगणात शेळी हिरवं काहीतरी चघळत होती. नवशी दारातच उभी होती. केस पांढरे झालेले, हसणं तेच.

"मी बोललेली, सर येतील. पाड्यावरचे हसायचे मला."

सरांना तिच्याकडे बघवेना. "नवशी, फार उशीर केला मी."

"आधी जेवा. मग बोला."

तिनं ताटं वाढली. तांदळाची भाकरी, आणि उकडून, कुस्करून, मीठ-मिरची लावलेला कसलासा कंद. मनिषला थोडा, सरांना ढीगभर. सरांचं चित्त ताटात नव्हतं. यांत्रिकपणे दोन घास खाऊन त्यांनी पिशवीतून जुना छापील कागद काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे तुझं नाव आहे. टेकडीवरच्या त्या फुलाला साऱ्या जगात तुझ्या नावानं ओळखतात. एकतीस वर्षं झाली."

नवशीनं हात पदराला पुसला आणि अक्षरांवरून फिरवला. तिला वाचता येत नव्हतं. "माझं? आन मला कुणी बोललं नाय?"

"मीच सांगायला हवं होतं. चुकलं माझं." पुढचं कसं सांगावं ते त्यांना कळेना. नाव हातात दिलं, आणि फूल त्याच सकाळी गेलं. त्यांनी ताट बाजूला सारलं.

नवशीनं ते पुन्हा त्यांच्यापुढे ओढलं.

"टाकू नका, सर. तवा तीनच नेलेले खायला, तुमी बोललेले बाकीचे जपून ठेव. दरसाल काट्या लावून राखले, पोरांना हात लावू दिला नाय. काल मनिष बोलला तुमी येताय, म्हणून सकाळी जाऊन सातही काढून आणले."