मानाची घंटा

"खरं सांग मश्दी सफर, मुर्शिदला दिसतं का?"

हाजी वुसूकींनी सफरला तालमीच्या जिन्यावरच गाठलं. सफरच्या हातात हलीम आणायचं रिकामं पातेलं होतं.

"दिसतं म्हणजे काय, हाजीआगा! मी दारात वाकतो न वाकतो तोच 'सफर, उशीर केलास' म्हणून खेकसतात. डोळे नसते तर कळलं असतं का कोण आलंय ते? पोरांची शपथ घेऊन सांगतो."

"परवा चहा सांडला म्हणे."

"ऐंशीला टेकलेत. तुम्हीही सांडाल."

वुसूकी तालमीचे अध्यक्ष होते. जन्मात कधी चार जोर काढले नव्हते, पण किल्ल्या त्यांच्याकडे, त्यामुळे बोलायचं कोण?

"आज तेहरानहून फर्रुख पैलवान यायचेत," ते म्हणाले. "डाव्या गुडघ्याने अधू झालेत बिचारे, पाय ओढत चालतात. दारात गर्दी होऊ देऊ नकोस. आणि ऐकून ठेव. आज घंटा चुकली, तर उद्यापासून चौथऱ्यावर माझा पुतण्या. तू शपथ घेतलीयस, म्हणून एवढी तरी संधी देतोय."

काशानच्या त्या तालमीचं दार इतकं बुटकं, की भल्याभल्यांना वाकूनच आत यावं लागे. साधा माणूस आला की ढोलावर कसरतीचा ताल धरणारे मुर्शिद इनायत चौथऱ्यावरून नुसतं "या, सलामत राहा" म्हणत. जरा जुना असला तर ढोलावर थाप. घंटा मात्र ज्याने उभा जन्म कसरतीच्या हौद्यात घातला त्यालाच. वर्षातून चार-पाचदा वाजली तर वाजली.

सफरसाठी चाळीस वर्षांत साधी थापही पडली नव्हती. त्याची तक्रारही नव्हती. विशीत करेल ही जड लाकडी मुद्गलजोडी फिरवताना खांदा निखळला, तेव्हापासून तो हौद्यात उतरायचा तो झाडू घेऊनच. त्याला काळजी होती ती मुर्शिदची. बायको नाही, मूल नाही. चौथरा गेला तर म्हातारा महिनाभरही काढणार नाही, हे सफरला पक्कं ठाऊक होतं.

तो परत आत आला. ढोलाचं कातडं निखाऱ्यावर शेकून त्याने ढोल मुर्शिदच्या मांडीवर ठेवला.

"आज फर्रुख पैलवान यायचेत, डावा पाय ओढत. तेवढी घंटा सांभाळा हं."

"तू शेंबडा होतास तेव्हापासून सांभाळतोय. मला शिकवतोस? जा, हलीम आण आधी. पैलवानाला काय उपाशी ठेवायचंय?"

शुक्रवार असल्यामुळे हलीमवाल्याकडे ही रांग! सफर परतला तेव्हा हौद्यात जोर संपून करेल सुरू झाली होती. ढोल जिन्यापर्यंत ऐकू येत होता. तो लगबगीने उतरायला लागला आणि कुणा गाढवाने पायरीवर सांडलेल्या पाण्यावरून घसरला. पातेलं त्याने छातीशी धरलं, थेंबही सांडू दिला नाही. घोट्यातून मात्र कळ आली. उरलेल्या पायऱ्या तो कसाबसा उतरला, लंगडत दाराशी आला, वाकला आणि आत शिरला.

घंटा वाजली.

ढोल थांबला. करेल हवेतच थांबली. तीस माणसांनी दाराकडे मान वळवली. दारात पातेलं घेतलेला सफर उभा होता.

"हलीमला सलामी!" हौद्यातून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

वुसूकी ताडकन उठले. "मुर्शिद! कुणासाठी वाजवलीत घंटा?"

मुर्शिदनी ढोलावरचा हात उचलला. मग शांतपणे म्हणाले, "ज्याच्यासाठी वाजवायची होती, त्याच्यासाठी."

"सफरसाठी? झाडूवाल्या सफरसाठी?"

"हो, सफरसाठी," मुर्शिद म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "हा हौदा चाळीस वर्षं कोण झाडतंय, हाजी? तुम्ही? या ढोलाला ऊब कोण देतं? जन्म इथे घालवलेल्या माणसाची घंटा असते ना ही? मग सांगा, कुठे चुकलं!"

तेवढ्यात सफरच्या मागून एक धिप्पाड माणूस वाकून आत आला. फर्रुख पैलवान! त्यांनी जिन्यावरून सगळं ऐकलं होतं. पाय ओढत ते सफरसमोर आले आणि तालमीच्या रीतीप्रमाणे त्याच्या खांद्याचं चुंबन घेतलं. त्याच निखळलेल्या खांद्याचं!

"आमच्याकडे हे कुणाला सुचलं नाही," ते म्हणाले. "मुर्शिद, माझ्यासाठी आता घंटा नको. आज तिचा मान झालाय."

सफरला रडू आवरेना. दोन्ही हातांत पातेलं, डोळे पुसायचे कसे? हौद्यातली दांडगी माणसंही नाकं ओढत होती.

निघताना वुसूकींनी चौथऱ्यासमोर मान खाली घातली. "माफ करा, मुर्शिद. जिवात जीव आहे तोवर ही जागा तुमची." मग सफरकडे वळून म्हणाले, "तुझी शपथ खरी ठरली बाबा."

तालीम रिकामी झाली. सफरने ताजा चहा केला. घरी जाऊन बायकोला, गुलबानूला, कधी एकदा सांगतो असं त्याला झालं होतं. आयुष्यात एवढा आनंद त्याला कधी झाला नव्हता.

"आगा, खरंच माझ्यासाठी वाजवलीत?"

मुर्शिदनी मांडीवरचा ढोल बाजूला सारला. "पायाला काय झालं तुझ्या?" त्यांनी विचारलं.

"जिन्यात घसरलो. घोटा मुरगळला."

"डावा?"

"डावाच." सफरने चहाचा पेला पुढे केला. "घ्या, गरम आहे."

मुर्शिदनी हात लांब केला. तो पेल्याच्या वीतभर बाजूने गेला आणि हवेतच चाचपडत राहिला.

"अगदी पैलवानासारखं वाजलं रे तुझं पाऊल," ते म्हणाले.