चौकटीची डावी कड

रिपोर्ट आला त्या दिवशी बायको बाहेर बाकावर बसली होती आणि सुतार एकटाच डॉक्टरांसमोर.

"मेंदूच्या तळाशी एक छोटी ग्रंथी असते," डॉक्टर म्हणाले. "तिथल्या गाठी बहुतेक साध्या निघतात. आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा तपासला, तो साधा नाही. आत राहिलेली गाठ वाढणार. आणि भराभर वाढणार."

"रेडिएशन दिलं तर?"

"थोडे महिने मिळतील."

सुतारानं मान हलवली, जणू कुणी लाकडाचं माप सांगितलं होतं.

"गाठ नजरेच्या नसांवर दाब देत होती," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या मिसेसना दोन्ही बाजूंचं दिसत नव्हतं. घरात कधी धडकत नव्हत्या का?"

धडकायची की. टेबलाला, कपाटाला, पलंगाला. दंडावर, मांडीवर काळेनिळे डाग. "डोळे गहाण टाकलेस का?" तो चिडवायचा. "तुम्ही टेबलं करता की सुऱ्या?" ती उलट विचारायची. ते त्याला फार लागलं. त्यानं रंधा घेतला आणि घरातल्या एकेका वस्तूचे कोपरे गोल केले. डाग गेले. डागांबरोबर डॉक्टरकडे जायचा विषयही गेला.

"धडकायची," तो म्हणाला. "मी कोपरे घासले."

डॉक्टरांना काही कळलं नाही.

बाहेर येऊन तो तिच्या शेजारी उभा राहिला. ती समोरच्या दाराकडेच बघत होती. त्यानं खांद्यावर हात ठेवला तशी दचकली.

"काय म्हणाले?"

"घरी जाऊन बोलू."

"बरं," ती म्हणाली आणि त्याचा हात धरून चालू लागली.

दोघं घरी आली. कपडेसुद्धा न बदलता त्यानं रंधा काढला आणि आतल्या खोलीच्या चौकटीला लावला. घरात तेवढीच धार उरली होती. उजवी कड गोल होत आली. सालपटं पायाशी पडत होती. ती खुर्चीत बसून तो आवाज ऐकत होती.

"अहो, ठेवा ते खाली."

"एवढी चौकटच राहिलीय."

"गाठ साधी नाही ना?"

रंधा थांबला.

"नाही," तो म्हणाला.

ती उठली. चाचपडत चौकटीपाशी आली. उजव्या कडेवरून हात फिरवला, मग डाव्या कडेवरून. तिथं बोट थांबलं.

"ही राहू द्या," ती म्हणाली. "लागलं म्हणजे दार कुठंय ते तरी कळेल मला."

त्यानं रंधा खाली ठेवला.

आता घरात धडकणारं कुणी नाही. डावी कड घासायची राहिली ती राहिलीच.