अर्धं वाक्य

लकव्यानं गिरिजाबाईंची वाचा गेली, तेव्हा साहेबराव त्यांना केदारखेड्याहून एसटीनं औरंगाबादच्या दवाखान्यात घेऊन आले. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, घरी तुम्ही अर्धंच वाक्य बोलायचं आणि थांबायचं. उरलेलं काकूंना बोलू द्यायचं. जमेल?"

साहेबरावांना त्या दुःखातही हसू फुटलं. "न जमायला काय झालं? लगीन झाल्यापासून हिनं माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं न्हाई!"

पण आता ते "रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीला चव..." म्हणून थांबायचे, आणि गिरिजाबाई नुसत्या बघायच्या. शेवटी "न्हाई" साहेबरावांनाच म्हणावं लागायचं. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यांची वाक्यं पुरी होऊ लागली, आणि घर खायला उठलं.

दिवाळी सरल्यावर ते पुन्हा दवाखान्यात आले. साहेबराव हात जोडून म्हणाले, "बाई, लई करून पाह्यलं. पण हिला काई फरक..."

"पडला!" मागून गिरिजाबाई कडाडल्या.

बाई हसल्या. "काका, तुम्ही काय सांगत होतात?"

साहेबरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. "ऱ्हाऊ द्या बाई. आता माझं कुठलं वाक्य पुरं व्हतंय!"