परत न आलेली मेरिविक

“बाई, तुम्ही तर अकरा वर्षांपूर्वीच कुवेतला गेलात,” मनिलाच्या कचेरीतला कारकून म्हणाला. “अजून परतही आला नाहीत. मग आता पुन्हा जाणार कशा?”

परदेशी कामाला जायचा परवाना मागायला मेरिविक जन्मात पहिल्यांदाच आली होती. सोमवारचं विमान होतं. “काहीतरी घोळ झालाय, साहेब. मी तर ही तुमच्यापुढे उभी आहे!”

“नाव तुमचं, जन्मतारीख तुमची.” त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. “मग फोटो कुणाचा?”

फोटोत तिची धाकटी बहीण होती, लिगाया. कुवेतला मोलकरीण म्हणून गेली तेव्हा जेमतेम सतराची. एवढ्याशा पोरीला परवाना मिळाला कसा, हे घरात कुणालाच उमगलं नव्हतं. त्याच महिन्यात मेरिविकचा जन्मदाखला हरवला होता, ते तिला आत्ता आठवलं.

“दुरुस्ती होईल,” कारकून म्हणाला. “ही कोण, तेवढं लिहून द्या. तिकडचे पोलीस तिला उचलतील, तुम्ही सोमवारी निघा.”

मेरिविकने पेन उचललं. काहीच न लिहिता ते खाली ठेवलं. मग ती आपले कागद गोळा करू लागली.

“फोटोतली मेरिविकच आहे.”

“आणि तुम्ही?”

“मी तिची बहीण.”