उजवं पायडल

चौकातला सिग्नल लाल झालेला दिसला, तशी मिनलने उजवी टाच बाहेरच्या बाजूला वळवली. बूट सुटला नाही.

तिने पुन्हा वळवली. बुटाच्या तळाशी क्लीट असतो, तो पायडलमध्ये अडकून बसतो आणि टाच फिरवली की खट्कन सुटतो. गेला आठवडाभर तो असाच सुटत आला होता. आज गुडघ्यापासून जोर लावला तरी हलेना. तोवर सायकल थांबली होती, आणि थांबलेली सायकल कोणाचं ऐकत नाही. ती उजवीकडे कलली. पाय अडकलेलाच, मिनल सायकलसकट डांबरावर आडवी झाली.

मागून येणारा ऑटो कर्रकन थांबला. "मरायचं हाय का बाई?" ऑटोवाला ओरडला.

पडताना तिला एकच सुचलं होतं. डावा हात तिने छातीशी घट्ट धरला होता. त्या मनगटात धातूची पट्टी होती. पुन्हा मोडलं तर मूठ वळणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मागचं अख्खं वर्ष तिला स्वतःची वेणी घालता आली नव्हती.

टाळ्या ऐकू आल्या. मान वळवून पाहिलं तर सायकल ग्रुपची मंडळी फुटपाथला लागून उभी होती, आणि हसत होती.

"झालं बारसं!" बाबाराव ओरडले. ते ग्रुपमधले सगळ्यात वडील. "मिनलबाईच्या पोह्यावर आज तर्री डबल!"

ग्रुपमधला पियुष धावत आला. दोन्ही हातांनी टाच पिरगाळून त्याने तिचा बूट सोडवला, सायकल बाजूला घेतली, खिशातून ॲलन की काढली आणि क्लीटची पकड कमी-जास्त करणारा पायडलचा बारीक स्क्रू भराभर उलटा फिरवला.

"बहुतच आवळला होता न, बाबाराव," तो हसत म्हणाला.

मिनल उठून बसली. उजवं कोपर सोलवटलं होतं. "तू आवळला का रे?"

"मी काहून आवळू, ताई? जो शिकवते, तोच आवळते. आपल्या ग्रुपचा नियमच आहे. नव्या माणसाले एकदा पाडलं का त्याची भीती मरते. मले तर याच चौकात पाडलं होतं, ट्रॅफिक पोलिसासमोर. तोही हसून राहिला होता."

पुढचं तिने ऐकलं नाही. तिला तिच्या मैत्रिणीने, श्वेताने शिकवलं होतं. घराच्या फाटकाला धरून, रोज संध्याकाळी. थांबल्यावर नाही वं, थांबायच्या आधी पाय सोडवायचा. स्क्रू सैलच ठेवायचा. बाकीचे डावा पाय आधी सोडवतात, तू उजवा सोडव, म्हणजे त्या हाताकडे तोल जायचाच नाही. मनगटाचं मिनलने ग्रुपमध्ये दुसऱ्या कोणाला सांगितलं नव्हतं. मोडकं माणूस कशाला सोबत, असं म्हणतील, ही भीती. आज सकाळी निघताना श्वेताच म्हणाली होती, "तू पाणी भरून ये, मी तुझ्या सायकलची हवा पाहते."

श्वेता चौकापलीकडे पोह्यांच्या टपरीपाशी उभी होती. पुढे निघून आली होती ती. मिनल चालत तिच्यापर्यंत गेली. त्या बुटांनी धड चालता येत नव्हतं, पावलागणिक क्लीट फरशीवर टकटक वाजत होता.

"लागलं का?" श्वेताने विचारलं.

"तुले माहीत होतं."

"अवं, सगळेच पडतात. मीही पडलीच होती ना."

"माझ्या हाताचं म्हणते मी. तुले माहीत होतं, श्वेता. फक्त तुले."

ही काय विचारते आहे ते श्वेताला खरंच कळत नसावं. मग तिचा चेहरा उजळला. ती जवळ सरकली आणि कोणाला ऐकू जाऊ नये असा आवाज खाली केला.

"माहीत होतं म्हणून तर उजवाच आवळला ना वं. डावा आवळला असता तर त्या हातावर पडली असती तू. रात्रभर विचार करून राहिली होती मी."

टपरीवाल्याने पोह्यांच्या दोन प्लेटा पुढे सरकवल्या. वरपर्यंत लाल तर्रीचा रस्सा. श्वेताने मिनलच्या प्लेटवर लिंबू पिळलं. एकही बी पडू नये म्हणून दुसऱ्या हाताची बोटं खाली आडवी धरून, जपून, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत.