उत्तराची जागा

"मॅडम, तुमी नाराज काऊन होता? आवाज तर तुमचाच राहीन," संस्थेचे सचिव वासुदेवराव म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप पुढे सरकवला.

कोकिळानं चहाला हात लावला नाही. आंजी गावच्या या शाळेत ती कित्येक वर्षं तासिकेवर गणित शिकवत होती. आज ना उद्या कायम करू, एवढ्या शब्दावर. उन्हाळ्यात याच वासुदेवरावांनी तिला कॉम्प्युटरच्या खोलीत बसवलं होतं. धडे स्लाइडवर उतरवायचे, माइकवर समजावून सांगायचे आणि सगळं इंटरनेटवर चढवायचं. "तुमच्यावानी कोणाले जमते?" ते म्हणाले होते. ती हरखली. पंख्याची घरघर माइकात येते म्हणून तिनं पंखाही बंद केला आणि घामानं निथळत अपूर्णांक समजावले. भाकरीची चित्रं काढली. पुस्तकातलं मराठी बाजूला ठेवून पोरांच्या बोलीत बोलली.

आज शाळा उघडली आणि तिला कळलं, संस्थेच्या सगळ्या शाळांत यंदापासून तेच धडे चालणार. गणिताच्या तासिका बंद.

"मंग वर्गात पोरायपाशी कोण राहीन?" तिनं विचारलं.

"बंडूजी हाये ना. बटनच तं दाबा लागते."

ती उठली. व्हरांड्यातून फाटकाकडे निघाली, तर सातवीच्या वर्गातून तिचाच आवाज आला. पाय थबकले. पोरं पडद्याकडे बघत होती. शिपाई बंडूजी कॉम्प्युटरपाशी हाताची घडी घालून बसला होता. पडद्यावर अर्ध्या भाकरीची पाव भाकरी झाली. चांगलं शिकवलंय आपण, असं तिला वाटून गेलं, आणि त्या वाटण्याचाच तिला राग आला.

"समजलं ना सगळ्याईले?" आवाजानं विचारलं आणि तो थांबला. रिकाम्या खोलीत बोलतानाही तिनं पोरांच्या उत्तराला जागा सोडली होती.

मागच्या बाकावरची काजल उभी राहिली. गेलं वर्षभर वर्गात तोंड न उघडलेली पोर. धीर गोळा करून ती पडद्याला म्हणाली, "मॅडम, मले नाई समजलं."

दाराशी उभ्या कोकिळाच्या तोंडून शब्द फुटणार, तोच आतून तिचा मायेनं भरलेला आवाज आला, "शाब्बास! चला, आता पुढं जाऊ."