हजारपर्यंत मोजणारा हात

दहा वर्षांच्या शर्वाणीच्या नव्या यांत्रिक हाताने दुसऱ्या पापडाचाही चुरा केला.

"दाभाडेआजोबा, तुमचा नवा कंपायलर बिघडलाय!"

"बिघडला नाही, घाईचा आहे," हातघरातले म्हातारे तंत्रज्ञ म्हणाले. तिथे प्रत्येकाच्या हाताचा प्रोग्रॅम मुळापासून बांधून देत, आणि पापड अखंड उचलल्याशिवाय कुणालाही हात घरी नेता येत नसे. "तुझ्या हाताला लिहून दिलंय, वस्तूला टेकलास की हजारपर्यंत मोज, मग मूठ आवळ. कंपायलर ते यंत्राच्या भाषेत उतरवतो. नव्याला वाटलं, नुसतं मोजून काय उपयोग? त्याने मोजणंच गाळलं."

"मग कशाला मोजायचं?"

"हाताला मोजायला क्षणभरच लागतो, पण तेवढ्यात बोटांना कळतं, वस्तू किती नाजूक आहे. चार वर्षांपूर्वीचा कंपायलर यातलं काही गाळत नाही. त्याच्यावर बांधू?"

"पण माझ्या वर्गातल्या ईशानचा झटपट हात नव्यावरच बांधलाय, त्याला दहावा पापड जमला. तो मला गोगलगाय म्हणेल."

"म्हणू दे की. संध्याकाळी बारसं कुणाकडे आहे?"

"आमच्याकडे. माझ्या तान्ह्या भावाचं." शर्वाणीने टेबलावरच्या चुऱ्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "जुन्यावरच बांधा."

तिसरा पापड अखंड उचलला गेला.

संध्याकाळी तिने तो हात पाळण्यात घातला. एक बोट बाळाच्या तळव्याला टेकलं, आणि हात थांबून मोजू लागला.

त्याचं मोजून होण्याआधीच बाळाने ते बोट घट्ट धरलं.